रामटेक, मनसर, नगरधन: मूर्ती आणि पुतळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामटेकला येणाऱ्या शाळांच्या सहली, कार्तिकातले यात्रेकरू, रविवारी नागपूरहून गाडी काढून येणारी मंडळी आणि आसपासच्या गावांतले शेतकरी मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत.

१. आम्ही दरवर्षी गडावर रामाचं दर्शन घेऊन येतो. तुम्ही म्हणता त्या जुन्या मूर्ती आहेत तरी कुठे?

तुम्ही त्यांच्या शेजारूनच जाता. गडाच्या वाटेवर दगडी छपराची दोन बसकी देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. वराह खांबांच्या उघड्या मंडपात उभा आहे. त्रिविक्रम जरा आडबाजूला, म्हणून बहुतेक लोक तो न बघताच उतरतात. पायथ्याशी शांतिनाथाचं जैन मंदिर आहे. मनसर तिथून सहा-सात किलोमीटर, जबलपूर रस्त्यावर, आणि नगरधनचा किल्ला रामटेकच्या दक्षिणेला. सकाळी या. उन्हाळ्यात दहानंतर गडाचा दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही.

२. "नरसिंहाचा पुतळा" म्हटलं तर आमच्या सरांनी टोकलं. मूर्ती आणि पुतळा यात फरक काय?

सर बरोबर आहेत. पुतळा माणसाचा, आठवणीसाठी उभारलेला. त्याला हार घालतात, नैवेद्य दाखवत नाहीत. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, मग ती नुसता दगड राहत नाही. शिल्प हा शब्द दोन्हींना चालतो; पूजेत असो वा नसो, घडवलेलं ते शिल्प. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे मेणबत्त्या लावून लोक वाकतात, पण त्याला पूजा म्हणत नाहीत, अभिवादन म्हणतात. हा शब्द त्यांनी विचार करून निवडलेला आहे, आपणही तोच वापरावा.

३. या मूर्ती किती जुन्या? गडावर सगळं भोसल्यांनी बांधलं असं ऐकलं होतं.

भोसल्यांनी गडासाठी पुष्कळ केलं, पण नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम त्यांच्या तेराशे वर्षं आधीचे आहेत. हे वाकाटक राजघराण्याचं काम, इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं.

त्या काळी राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. तिथल्या राजघराण्यात गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, आणि या बाईने राज्य चालवलं. ती विष्णूची भक्त. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट "रामगिरीस्वामी"च्या पायांपासून दिलेला आहे, म्हणजे याच गडावरच्या देवाच्या साक्षीने. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाचं मातीचं मुद्रांकन, म्हणजे मातीत उमटवलेला शिक्का, मिळालं, त्यावर शंख आहे. सहलीतल्या मुलींना मी हे नेहमी सांगतो: दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातून एका बाईच्या शिक्क्याने कारभार चालत होता.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन मात्र शिवाचा भक्त. त्याची गोष्ट मनसरला आहे, प्रश्न ८ पाहा.

४. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह दिसायला सारखेच आहेत. दोन देवळं कशाला? आणि हिरण्यकशिपू कुठे आहे?

हिरण्यकशिपू नाहीच, म्हणून तर "केवल", म्हणजे एकटा. कॅलेंडरवरचा नरसिंह आपण पाहिलेला असतो: मांडीवर आडवा राक्षस, बाहेर आलेली आतडी, रागाने फाटलेले डोळे. रामटेकचा नरसिंह तसा नाही. तो एक गुडघा वर घेऊन निवांत बसला आहे, हातात चक्र आहे, अंग भरलेलं आणि आयाळ रुंद. काम संपवून बसलेला बलवान माणूस दिसतो तसा. मला विचाराल तर आपल्या भागातल्या सगळ्या मूर्तींत हीच सर्वांत मोठ्या ताकदीची, कारण तिला ताकद दाखवावी लागत नाही.

दोन्ही मूर्ती एकाच पद्धतीच्या आहेत आणि देवळंही जवळजवळ आहेत. घाईत लोक एक बघून दुसरं सोडतात. दोन्हींत पाच-पाच मिनिटं बसा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा. दारातून येणाऱ्या उजेडात चेहरा हळूहळू उलगडतो. टॉर्चने तो सपाट होतो.

५. केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवर अक्षरं आहेत. ते कोणी लिहिलं?

तो वाकाटक काळातला कोरीव लेख आहे. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या पेट्या असतात, ती त्या काळची लिपी. कित्येक पिढ्या तो चुन्या-गिलाव्याखाली झाकलेला होता आणि १९८० च्या दशकात उजेडात आला. बराच झिजलेला आहे, तरी अभ्यासकांनी जेवढा वाचला त्यात प्रभावतीगुप्तेच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देऊळ उभारल्याचं आणि देवाला आईचं नाव दिल्याचं येतं, "प्रभावतीस्वामी". सुदर्शन नावाच्या तलावाचाही उल्लेख आहे. त्या अक्षरांवर बोट फिरवू नका. हाताचा घाम आणि तेल दगड खराब करायला पुरतं.

६. वराहाच्या पोटाखालून सरकून गेलं की पाप जातं म्हणतात. खरं का? आणि मूर्तीला इजा होत नाही का?

पापी माणूस अडकतो, पुण्यवान पार होतो, ही समजूत फार जुनी आहे. मी लहान असताना आजीने मला पुढे ढकललं होतं आणि मी पार झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही आठवतो. म्हणून त्या समजुतीला मी खोटं म्हणत नाही.

पण दगडाची बाजूही ऐका. हा वराह पूर्ण रानडुकराच्या रूपात आहे, माणसाचं अंग आणि डुकराचं डोकं असा नाही. पृथ्वीला समुद्रातून वर काढणारा हा अवतार एकाच प्रचंड दगडात घडवलेला आहे. पोट आणि पाय जिथे जिथे अंग घासतं तिथे गुळगुळीत झाले आहेत. जायचंच असेल तर पट्ट्याचं बक्कल, बांगड्या आणि पाठीवरची बॅग काढून ठेवा, पायांना धरून स्वतःला ओढू नका, आणि वर चढून फोटो तर अजिबात नको.

७. त्रिविक्रमाची मूर्ती भंगलेली आहे. भंगलेला देव ठेवू नये, मग विसर्जन का करत नाहीत?

पूजेतली मूर्ती भंगली तर ती पाण्यात सोडायची, हा रिवाज आपल्याकडे आहेच. जुन्या तलावांच्या आणि विहिरींच्या गाळात मूर्ती निघतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण त्रिविक्रम आता पूजेपेक्षा साक्षीसाठी उभा आहे. तीन पावलांत जग व्यापणाऱ्या विष्णूची ती प्रचंड झेप, धडाचा तो पीळ, अंग तुटलं तरी दिसतो. सिमेंटने हात-पाय जोडून द्यावेत असंही काही भाविक सुचवतात. कृपा करून तसं कुठेच करू नका. सिमेंटमधले क्षार जुन्या दगडात उतरतात आणि जोडाच्या भोवतालचा चांगला दगडही पापुद्रे होऊन सुटतो.

८. मनसरला गेलो तर टेकडीवर नुसत्या विटा. मूर्ती गेल्या कुठे?

सर्वांत प्रसिद्ध मूर्ती दिल्लीला, राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७२ मध्ये मनसरला सापडलेला तो शिव: बुटका, पोट सुटलेला, बसलेला, केसांची रचना नटवलेली आणि चेहऱ्यावर प्रसन्न खोडकरपणा. शिवाचं असं रूप दुसरीकडे क्वचितच दिसतं.

टेकडीचं नाव हिडिंबा टेकडी. १९९८ पासून तिथे मोठं उत्खनन झालं आणि चांदणीसारखे कोपरे काढलेली विटांची भव्य वास्तू निघाली. चुन्यात घडवलेली एक भली मोठी मानवाकृतीही मिळाली. प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मुद्राही मिळाल्या, म्हणून बहुतेक अभ्यासक हे दुसऱ्या प्रवरसेनाने उभारलेलं शिवाचं देऊळ मानतात. उत्खनन करणाऱ्यांनी ही जागा बौद्ध आचार्य नागार्जुनाशीही जोडली आहे, आणि त्या श्रद्धेने येणारे लोकही मनसरला भेटतात. दोघांनाही टेकडीवर जागा आहे.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही विदर्भातली जुनी शिल्पं पाहता येतात. रिक्षावाल्याला "अजब बंगला" सांगा. तो १८६३ पासूनचा आहे.

९. मग तो शिव परत मनसरला आणायला नको का?

माझं मन म्हणतं, आणावा. तो ज्या टेकडीवर घडला तिथून समोर गड दिसतो. आईचा विष्णू तिकडे, मुलाचा शिव इकडे. दिल्लीच्या काचेमागे हे नातं दिसत नाही. पण आज मनसरला मूर्ती ठेवण्याजोगी पहाऱ्याची, ऊन-पावसापासून सुरक्षित इमारत हवी, ती आधी उभी राहावी. तोवर किमान एक चांगली प्रतिकृती आणि मराठीत मोठी पाटी तरी टेकडीच्या पायथ्याशी असावी. शाळेतल्या पोरांना आपल्या गावची मूर्ती परीक्षेच्या पुस्तकात पहिल्यांदा दिसते, याचं मला वाईट वाटतं.

१०. कालिदासाचं स्मारक गडावर आहे, पण तो चेहरा खरा आहे का?

कालिदासाचं समकालीन चित्र किंवा शिल्प नाही. त्याचा जो चेहरा आपण बघतो तो कलावंताच्या कल्पनेतला. बाबासाहेब, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांची छायाचित्रं आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांची जुनी लघुचित्रं आहेत. कालिदासाच्या बाबतीत फक्त त्याचे शब्द आहेत. मेघदूतातला यक्ष "रामगिरी"वर शिक्षा भोगत राहतो, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेल्या पाण्याजवळ. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हा रामगिरी म्हणजे रामटेक, असं सविस्तर मांडलं. काही अभ्यासक तो छत्तीसगडातला रामगढ मानतात. आषाढात गडावर उभं राहून पश्चिमेकडून येणारे ढग बघितले की मला मिराशींची बाजू पटते. हे माझं मत, पुरावा नव्हे.

११. वावरात नांगरताना दगडाची मूर्ती निघाली. काय करू? कुणाला सांगितलं तर जमीन जाईल का?

सर्वांत जास्त फोन याच प्रश्नाचे येतात आणि प्रत्येक फोनमध्ये भीती असते.

आधी काम थांबवा. मूर्ती ओढून काढू नका, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरला दोर बांधून तर मुळीच नाही. जिथे आहे तिथेच तिचे आणि आजूबाजूच्या मातीचे फोटो घ्या. ती कोणत्या थरात होती, तोंड कुठे होतं, शेजारी विटा किंवा खापरं होती का, यावरच तिचं वय आणि देवळाचा नकाशा कळतो. उचलून पारावर नेली की ही माहिती कायमची गेली. मग तलाठी किंवा पोलीस पाटलांना सांगा आणि तहसीलदारांना लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या.

कायदा काय म्हणतो? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लपवली तर गुन्हा, कळवली तर सापडणाऱ्याचा हक्क बघितला जातो. एक मूर्ती निघाली म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. जमीन घ्यायची असेल तर सरकारला रीतसर प्रक्रिया करावी लागते.

धीर यावा म्हणून पवनारची हकिकत सांगतो. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ मध्ये राहायला गेले. आश्रमाच्या शेतात खणताना त्यांनाच एक जुनं शिल्प मिळालं: राम आणि भरताची भेट. त्या जागेतून आणखीही शिल्पं निघाली, तीही वाकाटक काळाची मानली जातात. राम-भरताचं शिल्प आश्रमातच राहिलं आणि तिथे भरत-राम मंदिर झालं. जिथे निघालं तिथेच ते आज बघायला मिळतं.

१२. आमच्या पारावर जुने दगडी देव आहेत. जत्रेआधी घासून, शेंदूर-रंग लावून छान करतो. तुम्ही नाही का म्हणता?

आमच्याच गावची गोष्ट. पिंपळाच्या पारावर एका पाटावर ओळीने बसलेल्या देवी होत्या, मांडीवर लेकरं घेतलेल्या. सप्तमातृका म्हणतात त्यांना. आमच्याकडे सगळे "साती बाया" म्हणत. लहानपणी प्रत्येकीचं वाहन मी बोटाने मोजायचो. एका वर्षी मंडळाच्या पोरांनी अगदी श्रद्धेने, वर्गणी काढून, तारेच्या ब्रशने सगळं घासलं आणि वर ऑइल पेंट मारला. रंग दोन पावसाळ्यांत फुगला, आणि पापुद्र्यांबरोबर नाक, डोळे, लेकरांचे हात निघून गेले. मी तेव्हा तिथेच होतो, डबा धरून. म्हणून आता सांगतो.

दगड श्वास घेतो, म्हणजे त्यात मुरलेलं पाणी उन्हात बाहेर पडतं. ऑइल पेंटने ती वाट बंद होते, पाणी आत अडकतं आणि उन्हाळ्यात वरचा थर फोडून निघतं. ॲसिड, वॉशिंग पावडर, तारेचा ब्रश आणि प्रेशर पंप हे चारही वर्ज्य. पूजेला साधं पाणी, मऊ सुती फडकं, फुलं, हळद-कुंकू पुरे. नारळ मूर्तीवर नको, बाजूच्या दगडावर फोडा.

शेंदराचं वेगळं आहे. मारुतीला किंवा देवीला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर-तेल चढत आलं असेल तर एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, तो गावाचा देव आहे. पण जाड झालेलं कवच स्वतः खरवडू नका. "केवल नरसिंहाचा लेख चुन्याखालून निघाला, आम्हीही काढून बघू" असं एकाने लिहिलं होतं. ते काम जाणकार रसायनतज्ज्ञांचं. छिन्नीने शेंदराबरोबर चेहराही निघतो.

१३. दगडावर नुसता कोपरात वाकलेला हात आणि बांगड्या कोरल्या आहेत. ही कोणती देवी?

देवी नाही, ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. हातात शस्त्र घेतलेला लढवय्या असेल तर वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा. धुऱ्यावरचे असे दगड पायरीला किंवा गोठ्याच्या भिंतीला वापरू नका.

१४. आम्ही गोंड. आमच्या देवांना नाक-डोळे नसतात, म्हणून ते तुमच्या यादीत नाहीत का?

तुमचा राग रास्त आहे. पारशिवनी तालुक्यातल्या कुंवारा भिवसेनसारख्या जागी लोक चेहऱ्याकडे बघून नाही, जागेकडे बघून येतात. छिन्नी न लागलेला दगडही देव असतो, आणि तो हलवला तर नरसिंह हलवण्याइतकाच अनर्थ होतो. प्रश्न ११ आणि १२ मधलं सगळं त्यालाही लागू आहे. फक्त तिथे कोण काय करू शकतं हे तिथल्या भुमकाला, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याला, विचारूनच ठरवावं, बाहेरच्याने नाही.

१५. आजोबांच्या काळापासून देव्हाऱ्यात दगडाची जुनी मूर्ती आहे. ठेवणं बेकायदेशीर आहे का? विकता येईल का?

ठेवणं बेकायदेशीर नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाची नोंदणी करावी लागते, फोटोंसह. नोंदणी केल्याने मूर्ती सरकारजमा होत नाही. उलट चोरी झाली तर ती तुमची होती हे सिद्ध करायला तोच कागद लागतो. विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि देशाबाहेर खासगी माणसाला नेताच येत नाही. घरी येऊन "जुना दगड घेतो, चांगले पैसे देतो" म्हणणाऱ्याला चहा न देता परत पाठवा.

१६. आमचं घर संरक्षित देवळाला लागून आहे. वर स्लॅब टाकता येईल का?

केंद्र संरक्षित स्मारक असेल तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण वरचा मजला नवं बांधकाम ठरतो. स्मारक राज्य सरकारकडे असेल तर नियम वेगळे, म्हणून पाटीवर केंद्राचं नाव आहे की राज्याचं, हे आधी वाचा.

१७. गावात पुतळा बसवायचा आहे. वर्गणी जमली, चौकात ओटाही बांधला. परवानगी नंतर घेतली तर चालेल का?

नाही चालणार, आणि यातच गावागावांत भांडणं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली आहे. त्यामुळे चौकाच्या मधोमध नवा पुतळा आता बसत नाही. ग्रामपंचायतीची मोकळी जागा, वाचनालयाचं किंवा शाळेचं आवार बघा.

आधी जागेचे कागद आणि ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला, ज्याला सगळे क्ले मॉडेल म्हणतात, कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही पायरी लोकांना जाचक वाटते, मला अत्यंत गरजेची वाटते. खांदे आखूड, मान जाड आणि चेहरा कुणाचाच नाही असा तुकडोजी महाराजांचा पुतळा ज्याने बघितला आहे, त्याला कारण सांगावं लागत नाही.

रात्रीतून पुतळा बसवून सकाळी हार घालणं टाळा. मग तो हटवण्याची वेळ येते, पोलीस बंदोबस्त लागतो, आणि ज्या माणसाच्या नावाने हे सगळं केलं त्याचाच अपमान होतो.

१८. फायबरचा घ्यावा की ब्राँझचा? मालवणच्या प्रकारानंतर भीती वाटते.

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तेव्हापासून हा प्रश्न वाढला. पुतळा उभा राहतो तो आतल्या सांगाड्यावर आणि पायाच्या बोल्टवर, म्हणून शिल्पकाराइतकाच स्ट्रक्चरल इंजिनिअर महत्त्वाचा. त्याचं लेखी प्रमाणपत्र मागा.

फायबर स्वस्त आणि हलका, पण आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रंग उडतो आणि जोडावर भेगा पडतात. ब्राँझ महाग, पण पिढ्या टिकतो. पैसे कमी असतील तर मोठ्या फायबरपेक्षा लहान अर्धपुतळा ब्राँझमध्ये करा. ब्राँझवर येणारा हिरवट-तपकिरी थर घासून चकचकीत करू नका. तो नैसर्गिक असतो. ओटा उंच करण्यापेक्षा पाणी साचणार नाही असा उताराचा करा, आणि वरपर्यंत हार घालायला पक्की शिडी बांधा. दरवर्षी जयंतीला कुणीतरी पुतळ्याच्या खांद्याला लोंबकळून हार घालतो, तिथूनच जोड हलतो.

१९. रील काढली तर चालते का?

पूजा सुरू असेल आणि गुरवांनी नाही म्हटलं तर नाही. एरवी मूर्तीपासून हातभर दूर राहून काढा. गडावर माकडं हातातला मोबाइल आणि पिशवी दोन्ही ओढतात.

२०. हे सगळं एका दिवसात होतं का?

होतं. सकाळी आठच्या आत गड, दोन्ही नरसिंह, वराह, त्रिविक्रम. मग उतरून शांतिनाथ आणि अंबाळा तलाव. जेवणानंतर नगरधन. मनसर शेवटी ठेवा, दुपारी चारनंतर. सूर्य तुमच्या पाठीशी येतो आणि टेकडीच्या माथ्यावरून पूर्वेला रामटेकचा गड, त्यावरची कळसांची रांग, सोनेरी उन्हात समोर दिसते. त्रिपुरी पौर्णिमेला अंधार पडेपर्यंत थांबलात तर गडावर त्रिपुर पेटतो. पाणी सोबत ठेवा, टेकडीवर दुकान नाही.